पायाखालची भूमी : पर्वत आणि ज्वालामुखी



औशाच्या शिवारात ज्याने एकदा तरी विहीर खणली आहे, त्याला भूगर्भशास्त्राचा पहिला धडा पुस्तकाविना मिळालेला असतो. वरची काळी माती संपली की मुरूम लागतो. मुरुमाखाली काळा पाषाण लागतो आणि पहारीच्या टोकाशी ठिणग्या उडू लागतात. सुरुंग लावून तो फोडावा, तर खाली भोकाभोकांचा, पांढऱ्या गारगोट्या भरलेला मांजऱ्या दगड येतो. कधी मध्येच लाल गेरूचा पातळ थर येतो आणि त्याच्याखाली पुन्हा काळा पाषाण. भाकरीची चवड रचावी तसे हे थर एकावर एक बसलेले आहेत. ही चवड कोणी रचली? कधी रचली? आणि तिच्याखाली काय आहे?

हे प्रश्न केवळ पंडितांचे नाहीत. याच तालुक्यातील किल्लारीस ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्यास चार मिनिटे कमी असताना जमीन हलली, आणि लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील आठ ते दहा हजार माणसे झोपेतच गाडली गेली. तेव्हापासून जमिनीतून नुसती गुडगुड ऐकू आली तरी या भागातला माणूस अंगणात येऊन उभा राहतो आणि तीन प्रश्न विचारतो. खाली ज्वालामुखी तर नाही ना? येथे डोंगर वर येणार आहे काय? आणि पुन्हा असे होईल काय? या तीन प्रश्नांची उत्तरे देण्याचा प्रयत्न आज करावयाचा आहे. त्यासाठी थोडे दूर जावे लागेल. पण परत औशालाच यावयाचे आहे.

प्रथम पृथ्वीच्या पोटाचा विचार करू. पृथ्वीच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. माणसाने आजवर खोदलेले सर्वांत खोल छिद्र रशियातील कोला येथे आहे. ते जेमतेम सव्वाबारा किलोमीटर गेले. म्हणजे आंब्याची साल देखील आपल्याला पुरती भेदता आलेली नाही. परंतु भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या आरपार जातात, आणि वैद्य नाडीवरून जसा शरीराचा अंदाज घेतो, तसा या लहरींवरून आतल्या रचनेचा अंदाज घेता येतो. त्यावरून असे दिसते की सर्वांत वर कठीण खडकाचे कवच आहे. त्याखाली प्रावरण नावाचा सुमारे २,९०० किलोमीटर जाडीचा तप्त खडकाचा भाग आहे. आणि अगदी आत लोखंडाचा गाभा आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रावरण म्हणजे उकळत्या रसाची कढई नव्हे. ते घनच आहे. मग ते हलते कसे? डांबराचा गोळा घ्या. हातोडी मारली तर त्याचे तुकडे होतात. पण तोच गोळा उन्हात ठेवून चार दिवसांनी पाहिला तर तो पसरलेला असतो. प्रावरणाचा खडकही झटक्याला कठीण आणि सावकाश दाबाला मऊ असा आहे. खालचा अधिक तापलेला भाग अतिशय मंद गतीने वर येतो, वरचा निवलेला खाली जातो. आणि हे रहाटगाडगे कोट्यवधी वर्षे चालू आहे. वरचे कवच आणि प्रावरणाचा लगतचा थंड भाग मिळून साधारण शंभर किलोमीटर जाडीचे जे ताठ तुकडे झाले आहेत, त्यांना भूपट्ट म्हणतात. सात मोठे आणि कित्येक लहान अशा या भूपट्टांनी पृथ्वी मढवलेली आहे. दूध तापत असताना वरच्या सायीचे तुकडे कसे सरकतात, एकमेकांवर चढतात आणि सुरकुततात, ते घरोघर पाहिलेलेच आहे. भूपट्टांची गती तशीच समजावी. फक्त वेळेचे माप घटकेचे नसून लक्षावधी वर्षांचे आहे.

हा विचार सहजासहजी मान्य झाला नाही. १९१२ साली आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने असे मांडले की आजचे खंड एके काळी जोडलेले होते. त्याच्या पुराव्यांत आपल्याकडचाही एक पुरावा होता. चंद्रपूरकडच्या कोळशाच्या थरांबरोबर ज्या जातीच्या जुन्या वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळतात, त्याच जातीचे ठसे आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका येथेही मिळतात. मध्ये महासागर असताना हे कसे घडावे? दक्षिणेकडच्या त्या जोडलेल्या महाखंडाला नाव मिळाले तेही आपल्या मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून : गोंडवन. परंतु खंड सरकवणारे बळ कोणते, याचे समाधानकारक उत्तर वेगेनरजवळ नव्हते. पंडितांनी त्याची थट्टा केली, आणि १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात त्याचा अंत झाला.

उत्तर मिळाले ते समुद्राच्या तळाशी, आणि त्यात आपल्या बाजूच्या समुद्राचा वाटा मोठा आहे. लाव्हा थिजताना त्यातील लोहयुक्त कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा टिपून ठेवतात. १९६२ साली ब्रिटिश संशोधकांनी हिंदी महासागरातील कार्ल्सबर्ग या बुडालेल्या पर्वतरांगेवर चुंबकत्वाची मोजणी केली, आणि पुढल्या वर्षी फ्रेडरिक व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूज यांनी तिचा अर्थ लावला. रांगेच्या मध्यावर जमीन फाटते, खालून लाव्हा येऊन थिजतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. नवा समुद्रतळ तयार होतो. दशक संपण्यापूर्वीच भूपट्टांचा सिद्धांत जगन्मान्य झाला.

आता हे पट्ट सरकतात म्हटल्यावर त्यांच्या कडांशी तीनच गोष्टी संभवतात. ते एकमेकांपासून दूर जातील, एकमेकांवर येतील, किंवा एकमेकांना घासून जातील. दूर गेले तर नवा तळ कसा बनतो ते आपण पाहिले. घासून गेले तर भूकंप होतात, पण पर्वत सहसा होत नाहीत. आपल्याला पाहावयाचे आहे ते एकमेकांवर येण्याचे. कारण जगातील मोठमोठे पर्वत आणि बहुतेक धगधगते ज्वालामुखी तेथेच आहेत.

समजा, एक पट्ट सागरी आहे. सागरी पट्ट जड असतो, म्हणून तो दुसऱ्याच्या खाली शिरतो. जाताना तो आपल्याबरोबर खडकात मुरलेले समुद्राचे पाणी नेतो. शंभरएक किलोमीटर खोलीवर हे पाणी सुटते आणि वरच्या तप्त प्रावरणात मिसळते. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो तेव्हा तो बर्फ एरवीपेक्षा कमी तापमानालाच वितळू लागतो. पाण्याच्या संगतीने खडकाचेही तसेच होते. त्याचा शिलारस होतो, तो वर चढतो, आणि ज्वालामुखी जागा होतो. भारतात धगधगता ज्वालामुखी एकच आहे, अंदमानातील बॅरन बेट. अंदमान म्हटले की मराठी माणसाला काळ्या पाण्याचा तुरुंग आठवतो; पण त्याच बेटांच्या पश्चिमेला भारताचा सागरी भाग पूर्वेकडच्या पट्टाखाली शिरत आहे. बॅरन बेट दीर्घकाळ शांत राहून १९९१ साली पुन्हा पेटले. २६ डिसेंबर २००४ ची ती भयंकर त्सुनामी उठवणारा भूकंपही याच कडेवर झाला.

आता समजा, दोन्ही पट्टांवर जाड, हलके भूखंड आहेत. मग कोणीच नीट खाली जावयास तयार नसते. आपण ज्या सतरंजीवर बसला आहात तिचे एक टोक भिंतीला टेकवून दुसऱ्या टोकाकडून ढकला. तिच्या वळ्या उभ्या राहतील. हिमालय म्हणजे अशा वळ्या, आणि नुसत्या वळ्याच नव्हेत, तर तुटून एकमेकांवर चढलेले थर. भारताचा भूखंड आफ्रिका आणि मादागास्कर यांना सोडून उत्तरेकडे निघाला. त्याच्यापुढे टेथिस नावाचा समुद्र होता. तो मिटत गेला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला भिडला. समुद्राचा तळ उचलला जाऊन आकाशात गेला. याला पुरावा काय? एव्हरेस्टच्या माथ्यावरचा दगड समुद्रात बनलेला चुनखडक आहे. एवढे दूर जाणे नको असेल, तर कोणाच्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम पाहा. त्याच्या आत जे चक्र दिसते, तो त्या मिटलेल्या समुद्रातील एका शंखासारख्या प्राण्याचा ठसा आहे. श्रद्धेने त्यात विष्णूचे चक्र पाहिले; शास्त्राने त्यात एक हरवलेला समुद्र पाहिला. दोहोंना एकाच दगडात जागा आहे.

हिमालयात मात्र ज्वालामुखी का नाहीत, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर आपण वर पाहिलेच. आता तेथे पाणी घेऊन खाली जाणारा सागरी पट्ट उरलेला नाही. पर्वत आणि ज्वालामुखी ही भावंडे खरी, पण ती नेहमी एकाच घरी राहत नाहीत.

मग आपल्या विहिरीतल्या काळ्या पाषाणाचे काय? तो लाव्हाच आहे. त्याला बेसाल्ट म्हणतात. पण औसा तर कोणत्याच पट्टाच्या कडेवर नाही. येथे लाव्हा आला कोठून?

याचे उत्तर असे की काही ठिकाणी प्रावरणाच्या खोल भागातून तप्त खडकाचा स्तंभ वर चढतो. कुकरचे झाकण अवेळी काढले तर आतले पाणी एकदम उसळते, कारण दाब गेला की तेच तापमान उकळण्यास पुरते. वर येणाऱ्या तप्त खडकावरचा दाबही असाच कमी होतो आणि तो वितळतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत विषुववृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेला असताना अशा एका स्तंभावरून जात होता, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पुरासारखा वाहिला. शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या तोंडातून धूर, असे ते चित्र नव्हते. लाव्हा पसरे, थिजे. काही काळ उसंत मिळे. त्या उसंतीत पृष्ठभाग झिजून लाल माती होई. मग पुढचा लोंढा तिला झाकून टाकी. विहिरीतला गेरूचा लाल थर ही ती उसंत, आणि मांजऱ्या दगडाची भोके हे त्या लाव्ह्यातून सुटलेल्या वायूचे बुडबुडे. गारगोट्या त्यांत मागाहून भरल्या. झिजल्यानंतरही हा पाषाण आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. आपली काळी माती त्याचाच चुरा आहे. वेरूळचे कैलास त्यातच कोरलेले आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर, तेही याच थरांचे आहे.

भारत तेव्हा दक्षिणेला होता, हे कशावरून? त्याच थिजलेल्या चुंबकत्वावरून. १९५६ साली ब्रिटिश संशोधकांनी दख्खनच्या दगडांची अशी मोजणी प्रसिद्ध केली, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे काम झाले. दगडातील होकायंत्र सांगते की हा लाव्हा दक्षिण गोलार्धात थिजला. म्हणजे औशाचा दगड औशाचाच आहे, पण औसा तेव्हा येथे नव्हते!

भारत पुढे निघून गेला, स्तंभ मात्र मागे राहिला. त्याच्या वाटेवर लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी बेटांची रांग उमटली. पुढे मॉरिशस झाले, सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी. आणि त्याच्यापासून दोनशेएक किलोमीटरवरचे रियुनियन बेट आजही पेटते आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला गेलेली मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. सह्याद्री सोडून ती सातासमुद्रापार गेली खरी, पण त्यांनी पाय ठेवला तो सह्याद्रीच्याच चुलत्याच्या अंगणात.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. औशाखाली ज्वालामुखी नाही. होती ती आग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच विझली आणि तिचे मूळ हजारो किलोमीटर दूर राहिले. जमिनीतली गुडगुड म्हणजे उकळणारा लाव्हा नव्हे. लहान धक्क्याचाही आवाज होतो, आणि तो उथळ असला तर कानाला कंपापेक्षा आधी जाणवतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तसेच. येथे डोंगर वर येणार नाही. बालाघाटचे डोंगर वर ढकलून झालेले नाहीत. नद्यांनी भोवतालचे थर कापून नेले आणि जे उरले त्यांना आपण डोंगर म्हणतो. त्यांच्या पायऱ्या पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या.

राहिला तिसरा प्रश्न. तो सर्वांत कठीण आहे.

भारताचा पट्ट थांबलेला नाही. बंगळूर व हैदराबाद येथे उपग्रहांच्या साहाय्याने चालणारी यंत्रे सांगतात की तो अजून वर्षाला चार-पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आहे. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हापासून दख्खन पंधरा मीटरच्या आसपास पुढे गेले. पण पुढे आशियाची भिंत आहे आणि मागून समुद्रातील रांगेचा रेटा आहे. एखादी फळी दोन्ही टोकांकडून दाबली तर ती टोकाशी मोडेलच. पण मध्ये जुनी चीर असेल तर तेथेही कडकडेल. हिमालय हे टोक आहे. किल्लारी ही मधली चीर होती.

दख्खनचे पठार हे निश्चल, अभेद्य अशी समजूत फार काळ होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले तेव्हा तिला पहिला मोठा तडा गेला. पण तेथे धरणाच्या जलाशयाचे कारण पुढे आले आणि बाकीचे पठार निर्धास्त राहिले. १९९२ साली किल्लारीस लहान धक्के बसले, तरी पुढले भाकीत कोणाला करता आले नाही. पुढच्या वर्षी, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असताना, ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. त्याचे केंद्र दहा किलोमीटरांच्या आसपास किंवा त्याहूनही उथळ होते. जुन्या भेगेची एक बाजू दाबाने दुसऱ्या बाजूवर चढली होती. नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने किल्लारीस ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. ३३८ मीटरपर्यंत बेसाल्ट लागला, त्याखाली थोडा गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन पायाचा खडक. ज्या भेगा खऱ्या धोक्याच्या आहेत त्या त्या पायात आहेत, आणि लाव्ह्याच्या या जाड गोधडीने त्यांना झाकून टाकलेले आहे. म्हणूनच दुसरी अशी भेग कोठे असेल आणि ती केव्हा सरकेल, हे वार आणि तारीख देऊन कोणीही सांगू शकत नाही. मोबाइलवर जो निरोप अमुक रात्री भूकंप होणार म्हणून सांगतो, तो शास्त्राचा नव्हे एवढे पक्के समजावे.

मग शास्त्राचा उपयोग तो काय? उपयोग हा की मृत्यू कोठून आला ते त्याने दाखवले. १९८९ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा येथे ६.९ परिमाणाचा भूकंप झाला. त्यात किल्लारीहून सुमारे दहापट ऊर्जा सुटली. तेथे ६३ माणसे गेली. वेळ संध्याकाळची होती, लोक जागे होते, हे खरे. तरी एवढ्याने हिशेब जुळत नाही. हिशेब जुळतो तो भिंतीपाशी. आपल्या जुन्या घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद, काळ्या दगडाच्या आणि मातीत बांधलेल्या. बाहेरून पाहावे तर गढीसारख्या भक्कम. पण भिंतीला आतला एक पदर आणि बाहेरचा एक पदर. मध्ये दगडगोटे आणि माती भरलेली. दोन्ही पदरांना धरून ठेवणारे काही नाही. वर माळवद, आणि पावसाळ्यापूर्वी गळू नये म्हणून दरसाल चढवलेल्या पांढऱ्या मातीचा भार. जमीन आडवी हलली तेव्हा भिंतीचे पदर सुटले आणि दगड निजलेल्या माणसांवर आले. कित्येक ठिकाणी लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, भिंती मात्र राहिल्या नाहीत. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच रुंद भिंत त्या रात्री वैरीण झाली.

१९९३ पूर्वीच्या भूकंप-नकाशात आपला हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ साली सुधारलेल्या नकाशात लातूरची जागा तिसऱ्या पट्ट्यात आली. उद्ध्वस्त झालेली बावन्न गावे नव्या जागी नव्याने वसली. पण घर हे एकदा बांधून संपत नाही. मुले मोठी होतात, लग्ने होतात, एक खोली वाढवावी लागते, माडी चढवावी लागते. त्या वाढीव भिंतीत भूकंपाची आठवण ठेवली जाते काय, हाच आजचा खरा प्रश्न आहे. आठवण ठेवणे फार खर्चाचेही नाही. दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड घालावा, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरतील. दारे-खिडक्यांच्या माथ्यावर लोखंडी सळया घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा चारही भिंतींवरून फिरवावा. कोपऱ्यात तो तुटू देऊ नये. माळवद असेल तर त्यावरची जास्तीची माती उतरवावी, आणि खांब-तुळयांच्या सांध्यांना तिरके आधार द्यावेत. गवंडी हे सर्व जाणतो. न जाणणारा असेल तर त्याला सांगता येते.

लोक म्हणत, शेषाने फणा हलवली की पृथ्वी हलते. त्या म्हणण्यात एवढे शहाणपण होते की भूमी स्थिर नाही, ती कशावर तरी तोललेली आहे, हे त्यांनी ओळखले होते. आपण आता त्या चलनवलनाचा वेग सेंटिमीटरात सांगू शकतो. ज्या प्रवासाने हिमालय उभा केला आणि ज्याच्या वाटेवर आपल्याला ही काळी माती मिळाली, त्याच प्रवासाचा ताण किल्लारीखाली सुटला. तो प्रवास कोणाला थांबवता येणार नाही. परंतु औशात किंवा आपापल्या गावी पुढची भिंत उठत असेल तेव्हा जोत्याशी उभे राहून दोन गोष्टी गवंड्याला विचाराव्या : आरपार दगड घातलास काय, आणि पट्टा कोपऱ्यावरून सलग नेलास काय? एवढे विचारणारी शंभर घरे जरी या सभेतून निघाली, तरी आजचे व्याख्यान कारणी लागले असे मी समजेन.